रोजची भाकर आणि पंडिता रमाबाई

१८७४ साल. दक्षिण हिंदुस्थानातील एका गावात, एका परक्या घराच्या दारात सोळा वर्षांची एक मुलगी उभी होती. दुष्काळाने घरदार उद्ध्वस्त झाले होते. वडील नुकतेच वारले होते. आई तापाने फणफणत होती आणि ग्लानीत निरनिराळे पदार्थ खायला मागत होती. मुलीला त्या दारात बाजरीची भाकरी मागायची होती. भागवताचे हजारो श्लोक जिच्या मुखी होते, तिची जीभ त्या क्षणी मात्र उचलेना. अखेर मोठ्या कष्टाने शब्द फुटले. घरातील बाईला दया आली, तिने भाकरी दिली आणि मुलगी ती घेऊन आईकडे धावली. पण ती जाडीभरडी भाकरी खाण्याइतके त्राण आईच्या अंगात उरले नव्हते. थोड्याच दिवसांत तीही गेली.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला आणि आयुष्याच्या अखेरच्या पर्वात संपूर्ण बायबल मराठीत आणले. ख्रिस्ती धर्मात आत्मिक पोषणाची भाषा रोजच्या खाण्यापिण्यातून आलेली आहे. विहिरीचे पाणी, लहान मुलाचे दूध, मीठ, खमीर आणि सर्वांत वरचढ म्हणजे भाकर. येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो आणि शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे घालतो. पोटभर जेवलेल्या माणसाला ही केवळ एक सुंदर उपमा वाटू शकते. रमाबाईंना ती तशी कधीच वाटली नसावी. भाकरीवाचून माणसाचे काय होते, हे त्यांनी आईच्या उशाशी बसून पाहिले होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले ते कायमचेच. गावोगाव पुराणे सांगायची, जी दक्षिणा मिळेल तिच्यावर गुजराण करायची आणि उरलेले दानधर्मात खर्चून पुढचे तीर्थ गाठायचे, असा त्यांचा क्रम होता. दुष्काळ आला तेव्हा गाठीला काहीच उरले नव्हते. भांडीकुंडी आणि दागिने विकून झाले. मोलमजुरी करावी तर विद्येचा आणि जातीचा अभिमान आड आला. भीक मागावी तर तेही जमेना. अखेर हे कुटुंब रानात शिरले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने मजुरी करण्याची तयारी दाखवली. पण तोवर फार उशीर झाला होता. आधी वडील, मागोमाग आई आणि पुढे थोरली बहीण अशी तिघेही गेली.

उरलेली दोघे भावंडे पायी निघाली. त्यांनी हजारो मैल तुडवले, थेट काश्मीरपर्यंत. कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खाल्ले, कधी रानफळे सालीबियांसकट गिळली. पंजाबातील कडाक्याच्या थंडीत झेलमच्या वाळवंटात खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. या वणवणीत देवदर्शने पुष्कळ झाली, पण मनातील श्रद्धा हळूहळू आटत गेली. शास्त्रात सांगितलेले सारे करूनही आईबाप अन्नावाचून मेले, या प्रश्नाचे उत्तर त्यांना कुठल्याच क्षेत्री सापडले नाही.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांच्या या तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच शहरात रमाबाईंनी पहिल्यांदा ख्रिस्ती मंडळींचा मेळावा पाहिला. तिथे त्यांच्या मनावर उमटली ती प्रवचनाहून अधिक खाण्याची गोष्ट. ब्राह्मण कुळातील माणसे इंग्रजांच्या पंक्तीला बसून पाव आणि बिस्किटे खात होती. हे पाहून भावंडांना कलियुग पुरते अवतरल्याची खात्री पटली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करू लागले, तेव्हा हे खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, अशी त्यांची समजूत झाली. त्या मंडळींनी रमाबाईंना संस्कृत बायबलाची प्रत दिली. तिची भाषा त्यांना इतकी अपरिचित वाटली की ते वाचन पुढे सरकले नाही. त्या दिवशी ख्रिस्ती धर्माचे अन्न त्यांना अभक्ष्य वाटले आणि ख्रिस्ती धर्माचा ग्रंथ दुर्बोध. पुढील आयुष्यात या दोन्ही अडचणींशी त्यांची गाठ पुन्हा पुन्हा पडणार होती.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने त्यांनाही नेले. मांडीवर मनोरमा ही तान्ही मुलगी होती. पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली भाषांतर सापडले होते. संस्कृत बायबलाने जे दार उघडले नव्हते, ते या साध्या बोलीतील पुस्तिकेने किंचित किलकिले केले.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, शिक्षण आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली आणि वैद्यकीय शिक्षणाची आस धरून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज या गावच्या भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. त्या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे चालवलेले, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीचे एक घर रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रियांची कोणी मायेने सेवा करते, हेच त्यांना नवे होते. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली.

ती कथा आपल्याकडील माणसाला फोड करून सांगण्याची गरज नाही. भर दुपारची वेळ, गावाबाहेरची विहीर, पाणी भरायला एकटीच आलेली एक बाई. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. आणि तरीही थकलेला येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. आधी मागतो आणि मग देऊ करतो, ज्याने पुन्हा तहान लागणार नाही असे जिवंत पाणी. पाणवठ्यावरची शिवाशीव काय असते, हे रमाबाईंना सोवळ्यातल्या घरात वाढल्यामुळे पुरते ठाऊक होते. पवित्र पुरुषाने कलंकित मानलेल्या बाईच्या हातचे पाणी मागावे, यातच त्या कथेचे सारे बळ आहे. रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात या प्रसंगाला मोठे स्थान दिले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मात्र धर्म बदलला तरी ताट बदलले नाही. रमाबाई आजन्म शाकाहारी राहिल्या. वाँटेजमध्ये त्या मांस तर सोडाच, अंडीही वर्ज्य मानत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीचा अभिमान शिल्लक असल्याचा वास आला. रमाबाईंनी तो आरोप पूर्णपणे झटकला नाही आणि आपली पद्धतही सोडली नाही. ख्रिस्ताची होण्यासाठी इंग्रजांसारखे जेवले पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. त्या सिद्धान्तांवरही अशाच अडून बसत. एखादी गोष्ट चर्च सांगते म्हणून मानायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हते. आत्म्याचे अन्नसुद्धा स्वतः चावून खाल्ल्याखेरीज अंगी लागत नाही, अशीच जणू त्यांची धारणा होती.

१८८६ मध्ये त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. वैद्यकीय शिक्षणाचा त्यांचा स्वतःचा बेत कमी ऐकू येत असल्यामुळे मागे पडला होता. अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाकडून दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षाअखेर ते पुण्यास हलले.

ते पुणे कसे होते? ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही नामवंतांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली आणि त्या एका पेल्यावरून शहरात रणकंदन माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांनाही त्यापायी प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले. जिथे चहाच्या घोटाने धर्म जात होता, तिथे एक ख्रिस्ती बाई ब्राह्मण विधवांना घरात ठेवून जेवूखाऊ घालत होती. सदनात मुलींना आपापल्या सोवळ्याओवळ्याप्रमाणे जेवण्याची मुभा होती. स्वतःची प्रार्थना रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून करीत. मुलींना बोलावत नसत, पण आल्या तर हाकलतही नसत. १८९३ मध्ये याच उघड्या दारावरून वाद पेटला. केसरीने कडक टीका केली, रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

त्यानंतरची कसोटी अधिक मोठी होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताच रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीचे आपले दिवस आठवले आणि त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांना नासवायला टपलेली माणसे, मदतीच्या छावण्यांतील अनाचार हे सारे पाहून त्यांनी सुमारे तीनशे मुली व विधवा सोडवून आणल्या. पुण्यात त्या वेळी प्लेग होता आणि इतक्या जणींना शहरात ठेवण्यास परवानगी नव्हती. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे संस्थेने फळबागेसाठी जमीन घेतलेली होती. तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन ते हेच. पाठोपाठ १८९९-१९०० मध्ये गुजरात आणि आसपासच्या मुलखात दुष्काळ पडला आणि केडगावातील खाणाऱ्या तोंडांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांची दोन वेळची चूल म्हणजे काय, याची कल्पना मोठा स्वयंपाक केलेल्या कोणाही गृहिणीला येईल. धान्य, जळण, मीठ, तेल आणि सर्वांत आधी पाणी. विहिरी खणल्या गेल्या. उपासमारीने खंगलेल्या पोटाला जड अन्न एकदम सोसत नाही. आधी पातळसर, हलके, थोडे थोडे द्यावे लागते. नवख्या श्रद्धावंतांना आधी दूध आणि मग जड अन्न, असा दाखला पौलाने करिंथकरांना लिहिताना दिला आहे. केडगावात त्या दाखल्याचा मूळ अर्थ रोज दिसत होता.

बोस्टनच्या मंडळाने कबूल केलेली दहा वर्षे १८९८ मध्ये संपली. त्यापुढे मुक्ती सदनाला ठरलेले उत्पन्न असे उरले नाही. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या आधारावर हजारो अनाथ मुले सांभाळली होती. त्यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते आणि तोच मार्ग त्यांनी धरला. कोठार रिकामे होत आले की प्रार्थना करायची आणि येईल त्यात भागवायचे. प्रभूच्या प्रार्थनेतील मागणे आजच्या भाकरीचे आहे, वर्षाच्या बेगमीचे नाही. इस्राएल लोकांना रानात मिळालेला मान्नाही एका दिवसापुरताच असे, साठवून ठेवला तर नासत असे. सुखवस्तू भाविक हे वाचून पुढे जातो. दोन हजार पाने मांडायची असताना त्या मागण्यातील ‘आज’ या शब्दाला वेगळेच वजन येते.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि त्याला बगल देणे रमाबाईंनाही आवडले नसते. उपाशी मुलीला भाकरी देऊन तिच्या पदरी धर्म बांधणे कितपत योग्य? मुक्ती सदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनाची तटस्थता तिथे नव्हती. दुष्काळातून आलेल्या मुली त्याच श्रद्धेत वाढल्या आणि १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट उसळली. समकालीन टीकाकारांचा आक्षेप हाच होता आणि तो गैरलागू म्हणता येत नाही. भुकेल्याला निवड करण्याचे स्वातंत्र्य कितीसे असते?

गंमत अशी की हाच प्रश्न शुभवर्तमानातही आहे. पाच हजारांच्या जेवणाची कथा प्रसिद्ध आहे. एका मुलाजवळच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन येशूने सर्वांना तृप्त केले. योहान सांगतो की त्या भाकरी जवाच्या होत्या. जव हे त्या देशात गोरगरिबांचे धान्य, जशी आपल्याकडे बाजरी. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत कफर्णहूमला आले, तेव्हा तुम्ही पोट भरले म्हणून माझ्यामागे येता, असे त्याने त्यांना तोंडावर सुनावले आणि नाश न पावणाऱ्या अन्नाची गोष्ट काढली. पुष्कळांना ती रुचली नाही आणि ते निघून गेले. येशूने त्यांना अडवले नाही. त्यांनी खाल्लेल्या भाकरीचा हिशेबही मागितला नाही.

रमाबाईंचे काम या कसोटीला लावले तर दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगता येतात. त्या स्वतः उपाशी होत्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नाहीत. भुकेचे दिवस सरल्यावर, विचार करून, आप्तांचा आणि मित्रांचा रोष पत्करून झाल्या. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. केडगावात मुली केवळ जेवत नव्हत्या. त्या शेती आणि बाग राखत, गाईम्हशी सांभाळत, तेलघाणा आणि हातमाग चालवत, भट्टीवर काम करत, शिवणटिपण करत, छापखान्यात खिळे जुळवत. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. हातांनी काम करण्याची लाज वाटल्यामुळे डोंगरे कुटुंब उपाशी मेले होते. त्या घरातील लेकीने आपल्या हजारो लेकींना ती लाज शिकू दिली नाही. ज्या बाईला स्वतःची भाकरी स्वतः मिळवता येते, तिलाच आपली श्रद्धाही स्वतः निवडता येते. प्रश्न यामुळे पुरता सुटत नाही, पण रमाबाईंच्या परीने दिलेले उत्तर हे असे होते.

शेवटची जवळजवळ दोन दशके त्यांनी बायबलाच्या भाषांतरात घालवली. प्रचलित मराठी भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातून आलेल्या, नुकतीच अक्षरे ओळखू लागलेल्या मुलीला ते कळत नसे. ज्यांना संस्कृतमुळे पदव्या मिळाल्या होत्या, त्याच रमाबाई आता संस्कृत शब्द वेचून बाजूला काढू लागल्या. मुळाबरहुकूम काम व्हावे म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. येशूचे जन्मगाव बेथलेहेम याचा हिब्रू अर्थ भाकरीचे घर, हे त्यांच्यासारख्या शब्दवेड्या बाईच्या नजरेतून सुटले नसणार. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीमागे जे ग्रीक विशेषण आहे, ते इतरत्र जवळजवळ कुठेच आढळत नाही. त्याचा अर्थ रोजची, उद्याची, जगण्यापुरती की पृथ्वीपलीकडची, यावर विद्वानांत पूर्वीपासून मतभेद आहेत. जेरोमने चौथ्या शतकात मत्तयच्या लॅटिन पाठात आत्मिक अर्थाकडे झुकणारा शब्द वापरला. मराठी ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या रोजची भाकर असे म्हणत आला आहे. पोटाची की आत्म्याची, हा भेद त्या साध्या शब्दात मिटून जातो.

आणि मुळात भाकर हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. पॅलेस्टाइनमधील भट्टीत भाजलेली रोटी आणि आपल्या तव्यावरची, चुलीच्या आरावर फुगवलेली भाकरी हे पदार्थ एक नव्हेत. पण जिच्यावाचून दिवस सरत नाही, जी गरिबाच्या ताटात एकटीच असते, ती वस्तू दोन्हीकडे एकच. प्रभुभोजनाच्या विधीत सर्वजण एकाच भाकरीचे वाटेकरी होतात. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खायचे, यावर माणसाची जागा ठरत होती, तिथे या विधीचा अर्थ समजायला फार प्रवचनाची गरज नव्हती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईचे काम पुढे नेणारी ही एकुलती एक लेक. रमाबाई खचल्या, पण हातातील मुद्रिते त्यांनी खाली ठेवली नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. केडगावातील मुलींच्याच हातांनी जुळवलेले आणि छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. भाषेच्या दृष्टीने ते सर्वांना पटले असे नाही. पण एखाद्या स्त्रीने मूळ भाषांचा अभ्यास करून एकटीच्या जबाबदारीवर संपूर्ण बायबलाचे भाषांतर सिद्धीस नेल्याची उदाहरणे जगातही विरळ आहेत.

रमाबाईंना महाराष्ट्राने दीर्घकाळ नीट जागा दिली नाही. हिंदू समाजाला त्या धर्म सोडून गेलेल्या वाटल्या, तर चर्चमधील अनेकांना त्या हट्टी आणि अर्ध्या हिंदूच वाटत राहिल्या. दोन्ही पंक्तींत त्यांचे पान थोडे दूरच मांडले गेले. त्यांनी मात्र आपल्या पंक्तीत कोणाचे पान दूर मांडले नाही. त्यांची केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांचा सांभाळ करते. आत्म्याच्या भुकेविषयी बोलण्याचा अधिकार पोटाच्या भुकेपुढे खाली वाकल्याखेरीज मिळत नाही, हे त्या चुलीने शिकवले. १८७४ मध्ये आईला भरवता न आलेली ती बाजरीची भाकरी रमाबाई पुढे जन्मभर भरवीत राहिल्या.